हस्तिदंतातला तुसाँ

दिएप बंदराच्या मोठ्या रस्त्यावर हस्तिदंताचं काम करणारी दहा-बारा दुकानं होती. त्यांचे मालक एरवी एकमेकांचं तोंड बघत नसत, पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. चेहऱ्याला झिलई द्यावी तर ओनोरीन केनेलनं. कोरणारा कोरून मोकळा व्हायचा. त्याच्या हत्याराच्या रेघा गालावर, कपाळावर तशाच राहिलेल्या असायच्या, देवीचे वण असावेत तशा. मग ती तळहाताएवढी चकती ओनोरीनच्या पुढ्यात यायची. ती आधी पातळ पात्यानं चकती हलकेच खरवडायची, मग वाळवलेल्या मुशी माशाच्या कातडीनं घासायची, मग ओल्या फडक्यावर खडूची पूड घेऊन, आणि शेवटी नुसत्या अंगठ्यानं. अंगठ्याचं काम तासन् तास चाले. दिवस मावळताना त्या दाताच्या तुकड्यावर माणसाची कातडी आल्यासारखी वाटायची. तिच्या स्वतःच्या अंगठ्यावरच्या रेषा मात्र कधीच पुसून गेल्या होत्या.

ती मूळची पोलेची, म्हणजे खाडीच्या पलीकडच्या कोळ्यांच्या वस्तीतली. पोलेतल्या बायका जाळी विणत, ओहोटीला खडकांवरून शिंपल्या काढत, मासळी खारवत. ओनोरीन अकरा वर्षांची असताना तिची आई वारली आणि आत्यानं तिला पूल ओलांडून दुकानात कामाला लावलं. तेव्हापासून रोज उजाडता उजाडता ती पूल ओलांडायची आणि अंधार पडताना परत यायची. वस्तीतल्या बायका तिला "हत्तीची सून" म्हणत. ती हसून सोडून द्यायची. नवरा मात्र तिनं वस्तीतलाच केला. गिल्बेर केनेल, उंच, अबोल, डाव्या हाताचा. लग्नाला सहा वर्षं झाली आणि मचव्यावरून पडून तो बुडाला. पदरात चार वर्षांचा तुसाँ होता.

त्या दिवशी तिनं ठरवलं की हे पोर समुद्राला द्यायचं नाही.

तुसाँ बारा वर्षांचा झाल्यावर तिनं त्याला आपल्याच दुकानात ब्लेझच्या हाताखाली बसवलं. ब्लेझ चेहरे कोरायचा. एक पाय आखूड, लग्न केलेलं नाही, हस्तिदंताच्या धुळीनं छाती भरलेली. दोन शब्द बोलला की एकदा खोकायचा. तो म्हणायचा, पोराच्या हातात कला आहे, पण नजर खिडकीत आहे. खिडकीतून बंदरातल्या डोलकाठ्या दिसायच्या. दोन वर्षं तुसाँनं सुया ठेवायच्या नळ्या कोरल्या, पंख्यांच्या काड्या कोरल्या, आणि एका सकाळी तो कामावर आलाच नाही. शेजारणीनं सांगितलं की पहाटेच्या भरतीला 'सांत-आन' मचवा सुटला, त्यावर तो चढला.

तिसऱ्या दिवशी तो हेरिंगची माळ हातात घेऊन घरी आला, तेव्हा ओनोरीननं शिव्या दिल्या नाहीत की ती रडली नाही. मासळी साफ केली, लोण्यात परतली, पाव कापला, त्याच्यापुढे ठेवलं आणि पाठ फिरवून चुलीपाशी बसली. त्याच्याकडे बघायचं नाही, एवढीच शिक्षा तिला सुचली. महिनाभर तिनं ती चालवली. पुढे राग निवला, बोलणं सुरू झालं, पण पाठ फिरवून बसायची सवय तशीच राहिली. ती उठायची तेव्हा तो झोपलेला असायचा. ती परतायची तेव्हा तो मचव्यावर गेलेला असायचा. घरात असला तरी ती चुलीकडे तोंड करून बोलायची. पैसे फळीवर ठेवलेत, सदऱ्याचं बटण लावलंय, दार ओढून घे. मायलेकांचं बरं चाललं होतं.

उन्हाळ्यात दिएपला पॅरिसचे लोक समुद्रस्नानाला येत. येताना अंगाला मीठ लावून घ्यायची हौस असे आणि जाताना आपला चेहरा हस्तिदंतात घेऊन जायची. ते ब्लेझसमोर कडेला तोंड करून बसत. तो दोन बैठकांत मेणाचा नमुना करी, मग हस्तिदंतात कोरी. अशी शेकडो तोंडं ओनोरीनच्या अंगठ्याखालून गेली. कुणाच्या कानाची पाळी चिकटलेली आहे, कुणाच्या भुवईत फट आहे, हे ती डोळे मिटून सांगू शके. एका न्यायाधीशाच्या नाकाच्या बाजूला चामखीळ होता. तो तिनं इतक्या निगुतीनं राखला की न्यायाधीश खूश होऊन तिला चांदीचं नाणं देऊन गेला. एका जाड बाईनं ब्लेझच्या कानात सांगितलं की हनुवट्या दोन आहेत, त्यांची एक करता येईल का. ब्लेझ खोकत म्हणाला, "हनुवटीचा कारभार माझ्याकडे नाही. त्या बाईंना विचारा." ओनोरीननं तासभर जादा घासलं आणि बाई वीस वर्षांनी तरुण होऊन पॅरिसला गेली.

तुसाँ एकोणीस वर्षांचा असताना मचव्यावरची जड कप्पी सुटून त्याच्या तोंडावर बसली. नाकाचं हाड मोडलं, वरचा ओठ फाटला. तो घरी आला तेव्हा स्नानाचा हंगाम ऐन भरात होता, तोंड भोपळ्यासारखं सुजलं होतं. ओनोरीननं ओल्या कपड्याची घडी दिली आणि म्हणाली, उतरेल. सूज उतरली. त्याखाली काय राहिलं, ते तिनं नीट पाहिलं नाही.

ते पाहिलं सिदोनीनं. सिदोनी ही पोलेतल्या शिंपल्यावाल्या घरातली, तुसाँपेक्षा दोन वर्षांनी लहान, हात खरबरीत आणि जीभ त्याहून. त्या दोघांचं लग्न ठरलं होतं, हेरिंगचा हंगाम संपला की करायचं. ओनोरीनला मुलगी पसंत होती. पोरगी तिखट आहे, पण तुसाँसारख्या मुखदुर्बळाला तशीच हवी, असं ती ब्लेझला म्हणाली होती.

१८३६ सालच्या नोव्हेंबरात वायव्येचं वादळ तीन दिवस घोंघावत राहिलं. चौथ्या दिवशी 'सांत-आन'ची दोन वल्ही आणि पाण्याचं पिंप पुईच्या कड्याखाली लागलं. मचव्यावर तुसाँ धरून सातजण होते. एकाचंही प्रेत मिळालं नाही. पोलेत प्रेताशिवाय खड्डा खणत नाहीत. पाद्रीनं सातांची नावं वाचली, चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना झाली, बायका आपापल्या घरी गेल्या आणि दारं लावून घेतली.

ओनोरीन आठव्या दिवशी कामावर आली. संध्याकाळी ब्लेझ आपल्या बाकावरून उठून, पाय ओढत तिच्यापाशी आला. म्हणाला की मालकाशी बोललोय, उन्हाळ्यातल्या कामातली एक चकती शिल्लक आहे, चांगली पांढरी, शिरा नसलेली. तुसाँचा चेहरा कोरीन म्हणतो. फक्त एक अडचण होती. ब्लेझनं त्याला पाहिलं होतं ते चौदाव्या वर्षापर्यंत. त्यानंतर तुसाँ दुकानाच्या दारातून कधी आत आला नव्हता.

"तू सांग, मी करतो," तो म्हणाला. "गिऱ्हाईक बसतं तशी समोर बस."

ती बसली. तो विचारत गेला, ती सांगत गेली. कपाळ रुंद, केस मागे वळलेले, नाक सरळ, अगदी बापासारखं, ओठ पातळ, हनुवटीला किंचित खळी. कुठेही अडखळली नाही. चार संध्याकाळांत मेण तयार झालं. तिनं पाहिलं आणि मान हलवली. हाच.

रविवारी चर्चमधून येताना तिनं सिदोनीला घरी बोलावलं. मेणाचा नमुना रुमालात गुंडाळून आणला होता तो टेबलावर उघडला. सिदोनीनं वाकून पाहिलं, मग दाराशी उजेडात नेऊन पाहिलं.

"हा कोण, मावशी?"

ओनोरीनला वाटलं, पोरीला रडू आवरत नाहीय म्हणून असं बोलतेय.

"तुसाँ आहे, दुसरा कोण असणार."

"हा तुसाँ नव्हे. हे कुणीतरी चौदा वर्षांचं पोरगं आहे. तुसाँचं नाक मोडलेलं होतं. इथे उंचवटा होता, आणि पुढे डावीकडे वळलेलं. ओठावर व्रण होता, त्यानं तो ओठ जरा वर ओढलेला असायचा. हसायचा तेव्हा अर्धाच हसायचा."

"उगाच काहीतरी बोलू नकोस. सूज होती, ती उतरली. मी त्याला जन्म दिलाय, मला शिकवतेस त्याचं नाक?"

"जन्म तुम्ही दिलात," सिदोनी म्हणाली. "त्याच्याकडे बघत होते मी."

ओनोरीननं तिला दार दाखवलं. सिदोनी गेली. जाताना पायरीवर थांबून तिनं डोक्यावरचा रुमाल नीट केला, पण मागे वळली नाही.

ब्लेझनं मेणाप्रमाणे चकती कोरली. सिदोनीनं काय म्हटलं ते ओनोरीननं त्याला सांगितलं नाही. घासायला तिनं नऊ दिवस घेतले. एवढं सुंदर काम तिच्या हातून पूर्वी झालं नव्हतं, असं दुकानातले सगळे म्हणाले. काळ्या मखमलीवर बसवून तिनं तो चेहरा पलंगाच्या डोक्याशी टांगला आणि नाताळापर्यंत तिला जरा शांत वाटलं.

जानेवारीत एकदा चुलीपाशी बसली असताना तिला शेवटची सकाळ आठवावीशी वाटली. त्या दिवशी तिला सर्दी झाली होती म्हणून ती घरीच होती आणि तुसाँ तिच्यादेखत निघाला होता. तिनं एकेक गोष्ट आठवली. पाव उचलणारा हात आठवला, नखाखालचं डांबर आठवलं. मेणकापडाच्या कोटाची पाठ आठवली. उंबऱ्यावर आपटलेले बूट. "येतो गं" हे शब्द. तोंड आठवेना. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पाव, हात, कोट, बूट. तोंडाच्या जागी भिंतीवरचा तो गुळगुळीत मुलगा येऊन उभा राहायचा. मग आदल्या वर्षीचा ईस्टर आठवून पाहिला. मग त्याच्या साखरपुड्याचा दिवस. सिदोनीची निळी चोळी आठवली, सफरचंदाच्या दारूचा जग आठवला. त्याचं तोंड नाही. आणि याच सगळ्यात मध्येच, न बोलावता, तिला न्यायाधीशाचा चामखीळ आठवला, त्यावरच्या दोन केसांसकट.

ती रात्रभर बसून राहिली नाही की तिनं काही केलं नाही. झोपली, सकाळी कामावर गेली. पण हातातलं काम तिला जड जायला लागलं. दुसऱ्यांची तोंडं घासताना तिचा अंगठा थांबायचा. ब्लेझनं दोनदा विचारलं, तिनं दोनदा थंडीवर ढकललं.

मार्चमध्ये एका मोठ्या ओहोटीला ती कामावर न जाता खडकांवर गेली. सिदोनी गुडघाभर पाण्यात वाकून शिंपल्या ओरबाडत होती. ओनोरीनला बघून ती सरळ उभी राहिली, पण जवळ आली नाही. ओनोरीनच शेवाळावरून घसरत, धडपडत तिच्यापर्यंत पोचली. दोघींमध्ये टोपली होती.

"ब्लेझकडे चल," ओनोरीन म्हणाली. "तू सांग त्याला."

"तुमच्याकडे आहे की एक."

"तो मला सोडून मचव्यावर गेला तेव्हाचा आहे. नंतरचा माझ्याकडे नाही."

सिदोनीनं टोपली उचलून डोक्यावर घेतली आणि म्हणाली, रविवारी येते, एवढ्यात भरती लागेल, तुम्ही आधी वर चला, पडाल.

रविवारी दुकान बंद होतं. ब्लेझनं मागच्या दारानं दोघींना आत घेतलं. सिदोनी त्याच्यासमोर बसली, पण तिला ओनोरीनसारखं सांगता येईना. ती नुसतीच स्वतःच्या तोंडावरून बोट फिरवायची आणि म्हणायची, असं, इथे असं. ब्लेझ करायचा, ती म्हणायची, नाही. तासाभरानं तिनं मेण त्याच्या हातातून घेतलं आणि आपल्या खरबरीत अंगठ्यानं नाकावर दाबलं, एकदा वर, एकदा बाजूला. ओठ नखानं उचलला. मग भुवई खाली ओढली. ब्लेझ बघत राहिला. मग त्यानं ते मेण परत घेतलं, दोन-चार ठिकाणी कडा साफ केल्या आणि टेबलावर ठेवलं.

ओनोरीन पुढे आली. समोर एक तेवीस वर्षांचा माणूस होता. वाऱ्यानं रापलेला, जरा थकलेला, एका बाजूनं हसू येता येता राहिलेलं. गिल्बेरच्या वळणावर गेला होता, पण गिल्बेरपेक्षा मऊ. तिनं त्याला पूर्वी कधी पाहिलं असेल असं तिला वाटेना. इतक्या वर्षांत एकदा चुलीकडून मान वळवली असती तर पुरलं असतं.

"बरा दिसत होता की," ती हळू म्हणाली.

"होता," सिदोनी म्हणाली आणि तेव्हा पहिल्यांदा रडली.

आता हे हस्तिदंतात कसं आणायचं, हा प्रश्न आला. मालक दुसरी चकती देणार नव्हता. त्या वर्षी हस्तिदंत महाग झालं होतं आणि विकत घेणं दोघींच्याही आवाक्यातलं नव्हतं. ब्लेझनं पलंगाच्या डोक्याशी टांगलेली चकती आणायला सांगितली. ती हातात फिरवून तो म्हणाला की यातूनच काढता येईल. पण हस्तिदंत काढता येतं, लावता येत नाही. नाकावर उंचवटा हवा तर बाकीचा सगळा चेहरा खाली न्यावा लागेल. आधीच्या चेहऱ्याचं काही म्हणजे काहीही उरणार नाही.

"विचार कर," तो म्हणाला. "लहान तुसाँ जाईल. माझ्याही आठवणीतला तोच आहे."

सिदोनी म्हणाली, राहू द्या, मेणाचा आहे तेवढा पुरे. ओनोरीननं चकती पुन्हा हातात घेतली. चौदा वर्षांचा मुलगा, तिनं नऊ दिवस घासलेला, गालावर एक रेघ नाही. हा तिला पाठ होता. हा हरवणार नव्हता. तिनं चकती ब्लेझच्या बाकावर ठेवली.

"काढ," ती म्हणाली.

त्याला पाच आठवडे लागले. ओनोरीन त्या दिवसांत त्याच्या बाकाकडे पाठ करून बसायची नाही. पहिल्या दिवशी मुलाचं कपाळ गेलं, मग गाल गेला, पांढरा चुरा ब्लेझच्या मांडीवर पडत राहिला, आणि ती बघत राहिली. काम पुरं झाल्यावर ब्लेझनं ते तिच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाला की ओठाला आणि नाकाला हात लावू नकोस. व्रण नखाएवढा पातळ आहे. मुशीच्या कातडीचा एक हात फिरला की गेला. तिनं हातरुमालानं नुसता चुरा झटकला. तिनं झिलई न देता ठेवलेला तो एकच चेहरा. जवळून पाहिलं तर हत्याराच्या रेघा दिसायच्या.

मेणाचा नमुना सिदोनीला दिला. पण त्याच वर्षी हिवाळ्यात तिचं शेजारच्या त्रेपोर बंदरातल्या एका पिंपं बनवणाऱ्याशी लग्न ठरलं. जेर्मँ त्याचं नाव, भला माणूस, बोटीवर न जाणारा. निघायच्या आदल्या दिवशी ती मेण परत घेऊन आली. दुसऱ्याच्या घरात हे कुठे ठेवू, म्हणाली. ओनोरीननं तिला थांबवलं नाही, तिची समजूतही काढली नाही. तुसाँशी ठरलेल्या लग्नासाठी तिला शिवलेला झगा पेटीतून काढला, तो तिच्या अंगाला लावून पाहिला आणि कमरेत थोडा सैल करून दिला. ती गेल्यावर मेण मात्र तिनं पेटीत ठेवलं नाही. ब्लेझकडे नेऊन दिलं, की वितळवून वापर, मेणाला पैसे पडतात.

त्यानंतर दर वर्षी नोव्हेंबरातल्या मृतांच्या दिवशी सिदोनी सामानाच्या गाडीतून त्रेपोरहून यायची. मिस्सेत सातांची नावं वाचली जायची. मग ओनोरीनकडे बटाट्याचं सूप आणि पाव. दोघी त्या हस्तिदंताकडे बघत बसायच्या आणि बोलायच्या ते दुसरंच काही: त्रेपोरला लोणी महाग, जेर्मँचा गुडघा दुखतो, मोठी मुलगी चालायला लागली. एका वर्षी ती आली नाही. दुसरी मुलगी झाली होती. त्याच्या पुढच्या वर्षी गाडीवाल्यानं निरोप आणला. तिसऱ्या बाळंतपणात ताप भरला, बाळ गेलं आणि मागोमाग तीही. उद्या माती आहे.

ओनोरीन त्याच गाडीतून निघाली. त्रेपोरच्या त्या घरात सिदोनीला खिडकीखाली ठेवलं होतं. ओनोरीननं स्टूल ओढून घेतलं आणि तिच्या तोंडाकडे बघत बसली. कपाळावर केस कुठून सुरू होतात. डाव्या भुवईचं टोक वर चढलेलं. कानापाशी सुईच्या टोकाएवढा खड्डा. दात किंचित पुढे, म्हणून ओठ पुरते मिटलेले नव्हते. बायकांनी जपमाळ हातात दिली तरी ती मान खाली घालेना. कुणीतरी जेर्मँला विचारलं, ही म्हातारी कोण, अशी काय बघतेय. त्यालाही नीट सांगता आलं नाही. म्हणाला, तिच्या ओळखीची आहे, दिएपची.

परत आल्यावर ती तडक ब्लेझकडे गेली आणि म्हणाली, मेण घे, मी सांगते. आता सगळं बघून आलेय. ब्लेझचे डोळे तेव्हा गेल्यातच जमा होते. दोन वर्षांपासून तो फक्त सुयांच्या नळ्या कोरत होता, हाताच्या सवयीनं. तो म्हणाला की मला तुझंही तोंड दिसत नाही. मेण मळून देतो, तूच कर.

चाळीस वर्षं तिनं चेहरे घासले होते. एकही केला नव्हता. पहिले दोन तिनं मोडून टाकले. तिसरा झाला तो सुबक नव्हता. मान जाड झाली होती आणि कान जरा वर गेला होता. पण भुवई होती, दात होते, कानापाशी सुईनं टोचलेला खड्डा होता. फेब्रुवारीत ती तो कापसात गुंडाळून त्रेपोरला घेऊन गेली. जेर्मँनं तो दोन्ही हातांत धरला आणि चुलीच्या वरच्या फळीवर, उष्णता लागणार नाही अशा बेतानं, कोपऱ्यात ठेवला. धाकटी झोपली होती. थोरलीनं विचारलं, हे कोण. जेर्मँनं तिला उचलून घेतलं आणि तिथे नेऊन दाखवलं.

ओनोरीनला तिथे राहायचा आग्रह झाला, पण दुसऱ्या दिवशी काम होतं. संध्याकाळच्या गाडीनं ती निघाली. पुढच्या वसंतात ब्लेझ वारला. त्याची हत्यारं मालकानं विकली. ओनोरीन आणखी सहा वर्षं घासत राहिली, अंगठा वळेनासा होईपर्यंत. पोलेतल्या घरात ती एकोणसाठाव्या वर्षी वारली. तिच्या पश्चात कुणी नव्हतं, म्हणून शेजारणींनीच सामान आवरलं. पलंगाच्या डोक्याशी असलेला मोडक्या नाकाचा माणूस कोण, याबद्दल त्यांच्यात थोडी चर्चा झाली. एक म्हणाली, तिचा नवरा. दुसरी म्हणाली, नवऱ्याचं नाक सरळ होतं, मी पाहिलंय. शेवटी त्यांनी तो तिच्याबरोबरच खड्ड्यात ठेवला.